उकिरड्याची वेणी

रविवारची सकाळ होती. आठवडाभराच्या पावसानंतर उघडीप पडली होती. मी न्हाऊन, ओले केस पाठीवर मोकळे सोडून खोलीच्या दारात उन्हाला बसले होते. घरमालक परसातून आले, जरा लांबच उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "बाई, एक गोष्ट विचारू का? राग नोका मानू."

"विचारा ना, काकाजी."

"हे वेणी घालतेत, ते कशी घालतेत? मंजे सुरुवात कोठून करतेत?"

मी गडबडून केस आवरायला लागले. परक्या गावात एकटी राहणारी मी मास्तरीण आणि हे पन्नाशी उलटलेले घरमालक. मी काही बोलायच्या आत ओसरीवरून काकींचा आवाज आला, "अजी, लाज तं हाये का नाई तुमाले? कोनाच्या पोरीले काय विचारून राहिले!"

"मी माह्यासाठी नाई विचारून राहिलो," काकाजी शांतपणे म्हणाले. "उकिरड्यासाठी विचारून राहिलो."

काकाजी त्याच पावसाळ्यात स्वित्झर्लंडहून परतले होते.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी नाशिककडची. तेव्हा मिळेल तिथली नोकरी धरायची असा काळ होता, आणि मला मिळाली ती भंडारा जिल्ह्यात, तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातल्या हायस्कुलात. तिथे काकाजींच्या घराच्या एका बाजूची खोली मी भाड्याने घेतली होती. घर शेतकऱ्याचं. मागे गुरांचा कोठा, पलीकडे तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या. घराचा, शेताचा आणि काकाजींचा कारभार काकी बघत. काकाजी उरलेल्या जगाकडे बघत.

बघण्याची त्यांची एक तऱ्हा होती. ते कधीच वस्तूच्या समोर उभे राहत नसत, बाजूला जाऊन उभे राहत. लग्नाला गेले की नवरानवरीकडे पाठ करून आचाऱ्याने चुलीचे दगड कसे मांडलेत ते न्याहाळत बसत. तारुण्यात एकदा ते आग्र्याला जाऊन आले होते. त्याचं वर्णन मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. ताजमहालाच्या बागेत गवत कापायचं एक यंत्र होतं, ते बैल ओढायचा, आणि हिरवळ खराब होऊ नये म्हणून त्या बैलाच्या पायांत चामड्याचे जोडे घातलेले होते. जोड्यांना बंद कसे होते, मागच्या पायांतले जोडे पुढच्यांपेक्षा निराळे कसे होते, हे त्यांनी मला जमिनीवर काडीने काढून दाखवलं होतं.

"आणि ताजमहाल?" मी विचारलं.

"होता ना," काकाजी म्हणाले. "पांढरा हाये."

माझ्या चेहऱ्यावरचं हसू त्यांना दिसलं असावं. ते म्हणाले, "बाई, जे साऱ्यायले दिसते ते पाह्याले मी कायले पाह्यजे? साऱ्यायनं पाह्यलंच हाये ते."

असा माणूस स्वित्झर्लंडला गेला. त्यांची एकुलती एक लेक तिथे होती. जावई आधी जवळच्याच चिखला गावच्या खाणीत इंजिनियर होता, पुढे तो तिकडे डोंगरातून बोगदे काढायच्या कामावर लागला आणि नवराबायको तिकडेच राहिली. लेकीने आईबापांना महिनाभरासाठी बोलावलं, दोघांचीही तिकिटं काढते म्हणाली. काकींनी साफ नाही म्हटलं, धानाची रोपं टाकून ती शेतात लावायचे दिवस होते. "पऱ्हे टाकाचे दिवस आले, मंग रोवणी. आन् मी इमानात जाऊन बसू? धान का तुमचा जावई रोवन?" भंडाऱ्याकडच्या बायका 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी जातो' म्हणतात. काकी ते अशा ठसक्यात म्हणत की समोरच्याचं बोलणंच खुंटे. काकाजी एकटेच गेले. धोतर, काळा कोट, हातात छत्री.

ते परतले त्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. किराणा दुकानदार सगळ्यांत पुढे बसला होता. त्याला सगळं गाव शेठ म्हणे. गावात कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही, हे त्याच्या दुकानाच्या पायरीवर ठरायचं.

"बर्फ पाह्यला का जी?" शेठने सुरुवात केली.

"होता."

"होता मंजे? कसा होता?"

"वरतं होता डोंगरावर. खाली नाई आला."

"मंग महिनाभर तुमी पाह्यलं तरी काय?"

काकाजी सावरून बसले. त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की आम्ही सगळे पुढे सरकलो. तिकडे लोक सरपण कसं रचतात, हे त्यांनी सांगितलं. घराच्या भिंतीला लागून, जाड ओंडके खाली, बारीक वर, आणि कापलेली तोंडं सारी एका रेषेत, की वाटावं भिंतीवर कोणी लाकडाची रांगोळी काढली आहे. गुरांना पाणी प्यायला अख्खं झाड कोरून केलेला हौद, त्यात दिवसरात्र पाणी पडत राहतं आणि कोणी तोटी बंद करा म्हणून ओरडत नाही. वाटेत, अगदी रानातसुद्धा, बसायला बाक. बसायचं आणि नुसतं पाहायचं. कोणी विचारत नाही, काहून बसले म्हणून.

लोक चुळबुळायला लागले. तेव्हा काकाजींनी आवाज खाली आणला.

"आन् उकिरडा," ते म्हणाले.

लेकजावई कामावर गेले की काकाजी छत्री घेऊन बाहेर पडत. एकदा शहर संपून शेतं लागली, आणि तिथे एका घराच्या पुढच्या दाराशी त्यांना तो दिसला. चौकोनी, भिंतीसारखा ताशीव शेणाचा ढीग. वर खिडकीत लाल फुलं. आणि ढिगाच्या साऱ्या कडांना, खालपासून वरपर्यंत, तणसाची, म्हणजे वाळल्या काडाची, वेणी घातलेली.

"वेणी?"

"वेणी. पोरीच्या डोक्शाले असते तशी. एक केस बाहेर नाई."

काकाजी त्या ढिगाच्या कडेशी किती वेळ उभे होते कोण जाणे. घरातून एक लठ्ठ, लालबुंद शेतकरी बाहेर आला. काकाजी त्याला 'तिकडचा पाटील' म्हणत. मग दोघं तिथेच दगडावर बसून दुपारभर बोलले.

"कोनत्या भाषेत?" शेठने विचारलं.

"तो त्याच्या, मी माह्या."

"आन् समजलं?"

"शेणात न समजासारखं काय असते?"

तिकडच्या पाटलाने त्यांना खुणांनी सांगितलं होतं की पूर्वी मुलीचा बाप स्थळ बघायला आला की आधी उकिरडा बघायचा. ढीग केवढा, वेणी कशी, यावरून घर ओळखायचा. मुलगा त्यानंतर.

"फोटो हाये का त्याचा?"

फोटो होता. लेकीने कॅमेरा दिला होता. रोल नागपूरला धुवायला गेला आणि महिन्याभराने आला. त्यात सरपणाच्या भिंती होत्या, हौद होता, रिकामे बाक होते, एका गाईचं मागचं अंग होतं. माणूस एक नव्हता, डोंगर एक नव्हता. उकिरड्याचा म्हणून जो फोटो होता, त्यात काकाजींचा अंगठा आला होता. नुसता अंगठा, सगळाच्या सगळा.

"हे मुंबईलेच राहून आले," शेठने दुकानाच्या पायरीवर निकाल दिला. "इमानाचं भेव लागलं असन."

गावाने ते मान्य केलं. काकाजींनी भांडण केलं नाही. त्यांनी ठरवलं की करूनच दाखवायचं, आणि म्हणून ते त्या रविवारी माझ्या दारात आले होते.

मी त्यांना वेणी शिकवली. दुसरं काय करणार? ओल्या तणसाचे तीन पेड खांबाला बांधले आणि डावा मधल्यावरून, उजवा मधल्यावरून, असं दाखवत बसले. नांगर धरून राठ झालेली ती बोटं, पहिल्या दिवशी नुसत्या गाठी पडल्या. पण माणूस जिद्दीचा. सरावाला काही हवं म्हणून त्यांनी तांबड्या गाईच्या शेपटीचा गोंडा धरला. संध्याकाळी गुरं घरी आणताना गुराख्याने दारात थांबून विचारलं, "काकाजी, हे गाय शाळेत जाते का? मास्तरीणबाईनं नाव घातलं असन तं सांगा, मी उद्यापासून डबा घेऊन जातो तिचा."

हात बसल्यावर काकाजींनी खरं काम हाती घेतलं. आणि तिथेच घरात आग लागली. कारण उकिरडा होता परसात, आणि तिकडच्या पाटलाचा होता पुढच्या दाराशी. काकाजींनी गडी लावून सगळा ढीग पुढे आणला, तुळशीपासून जरा अंतरावर, येणाऱ्याजाणाऱ्याला रस्त्यावरून दिसेल असा. फावड्याने तासून चौकोन केला आणि कडेने वेणी चढवायला घेतली.

काकींनी बोलणं बंद केलं. एका घरात, एका चुलीवर, आणि बोलणं माझ्यामार्फत. "बाई, त्यायले सांगा, जेवाले वाढलं." काकाजी हातभर अंतरावर असायचे. ते म्हणायचे, "बाई, सांगा, हे एवढी कड झाली का येतो." विहिरीवर बायका काकींना विचारायच्या, "आज अंबाडा घातला का वेणीच हाये?" काकी घागर भरून परत येत आणि ती जराशी आदळूनच ठेवत.

दिवाळीला माझे वडील आले. निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे, लेक परमुलखात कुठे राहते ते स्वतः बघायला आलेले. वरठीच्या स्टेशनावर उतरून, दोन गाड्या बदलून, अंगभर धूळ घेऊन ते दारात पोचले. काकाजींनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. हाताला धरून थेट ढिगाकडे नेलं.

"पाहा," काकाजी म्हणाले. "हे तुमच्या पोरीनं शिकवलं मले. गुण हाये पोरीच्या हातात."

वडिलांनी उकिरड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जेवताना म्हणाले, "तू शाळेत कोणता विषय शिकवतेस म्हणालीस?"

उकिरडा चालू असतानाच काकाजींनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रस्त्याच्या कडेला, सागाचा एक बाक बसवला. तोंड तलावाकडे, पाठ रस्त्याकडे. बसायचं आणि नुसतं पाहायचं. पण गावाला बाक दिसला तो एसटीची वाट बघायला. लोक पिशव्या घेऊन तिथे बसू लागले, आणि पाठ रस्त्याकडे असल्यामुळे गाडी मागून निघून जाऊ लागली. दोघातिघांची कोर्टाची तारीख चुकली, एकाची सोयरीक. तक्रार घेऊन माणसं काकाजींकडे आली. बाक फिरवा म्हणाली.

"गाडी तं रोजच जाते," काकाजी म्हणाले.

"तलावबी रोजच असते ना जी!"

"असते. पन तुमी पाह्यला का कधी?"

शेवटी ड्रायव्हरलाच दया आली. तो बाकामागे येऊन गाडी थांबवायचा आणि जोरात हॉर्न वाजवायचा. तलाव बघत बसलेली माणसं दचकून उठायची. तिथे अजूनही गाडी थांबते म्हणतात.

दोनएक वर्षं अशी गेली. काकींचा राग हळूहळू नुसत्या कुरकुरीवर आला. काकाजींच्या वेणीला वळण लागलं. गाव हसे, पण परगावचा पाहुणा आला की त्याला तो ढीग दाखवायला आणी. काकाजी मग तिकडच्या पाटलाची गोष्ट सांगत, आणि पाहुणा विचारे, "खरंच?" आणि मागून शेठ म्हणे, "हो, खरंच. मुंबईलेच हाये तो पाटील."

मग एका हिवाळ्यात लेकजावई आले. जावयाने सोबत स्लाइडा दाखवायचं यंत्र आणलं होतं. शाळेच्या भिंतीवर चादर बांधली आणि संध्याकाळी सगळं गाव जमलं. एकेक चित्र येत गेलं तसा लोकांचा श्वास अडकत गेला. बर्फाची शिखरं. निळ्याशार पाण्यात उलटी पडलेली शिखरं. शिखरावर चढणारी लाल आगगाडी. बायका तोंडावर पदर धरून बघत होत्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. गावाला हवं होतं ते परदेश हेच होतं, आणि ते दोन वर्षं उशिरा का होईना, आलं होतं.

अंधारात शेठचा आवाज आला, "ताई, एक विचारू का? तिकडं उकिरड्याले वेणी घालतेत का?"

लेक हसली. "कोनं सांगतलं तुमाले?"

"तुमच्या बाबायनं."

ती हसायची थांबली. यंत्राच्या उजेडात तिने बाबांचा चेहरा शोधला. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. "मी तं नाई पाह्यली, बाबा," ती हळूच म्हणाली. "इतके वर्ष झाले तिथं राहून. कधीच नाई पाह्यली."

"जावईबापू, तुमी?"

"मी दिवसभर बोगद्यात असतो," जावई म्हणाला.

जो हशा पिकला, तो बराच वेळ थांबला नाही. पत्र्यावर दगड पडावेत तसा तो आवाज होता. काकाजी नेहमीसारखे चादरीच्या एका बाजूला उभे होते. हशा ओसरल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढचं चित्र लावा जी."

लेकजावई परत गेल्यावर एका सकाळी मी शाळेला निघाले, तर काकाजी दाराशी एकटेच फावडं चालवत होते. वेणी सोडलेली होती, तणस कडेला पडलं होतं. ढीग परत परसात चालला होता. मी थांबले. काकाजींनी मान वर केली नाही.

त्यानंतर काकाजींमध्ये जो बदल झाला तो पटकन कोणाच्या लक्षात आला नसता. ते जेवत, शेतावर जात, माणसांशी बोलत. फक्त ते आता सगळ्यांसारखे वस्तूच्या समोर उभे राहायला लागले होते. वैशाखात शेठच्या भाचीचं लग्न झालं. काकाजी मांडवात पहिल्या रांगेत बसले, सरळ समोर बघत. परत येताना मी मुद्दाम विचारलं, "काय पाहिलंत, काकाजी?"

"नवरी बरी हाये," ते म्हणाले.

मी काकींना हे सांगितलं. त्या निवडत होत्या ते सूप त्यांनी खाली ठेवलं. "मलेबी काल म्हने, भाजी चांगली झाली," त्या म्हणाल्या. "इतके वर्ष झाले लगनाले. हा मानूस जेवताना भाजी कोनत्या बाजूनं चिरली ते पाहे. चांगली झाली, असं कधी नाई म्हटलं. बाई, यायले काहीतरी झालं."

दोनचार दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरीले कळवा. मी येऊन राहिलो म्हना."

काकाजींना आधी कळलंच नाही. "कोनत्या पोरीले?"

"तुमाले किती पोरी हायेत? सुजर्लांडात जातो मी. मी पायतो हाये का नाई ते."

"आन् रोवणी?"

"तुमी करा," काकी म्हणाल्या.

गाव हादरलं ते काकी विमानात बसणार म्हणून नव्हे, काकाजी रोवणी करणार म्हणून. काकींनी मला सोबत घेऊन तुमसरला स्वेटर घेतला, कॅनव्हासचे बूट घेतले, आणि लुगड्यावर ते बूट घालून अंगणात चारदा चालून बघितलं. निघताना त्या शेठच्या दुकानासमोर थांबल्या. "शेठ, मुंबईहून काही आनाचं असन तं सांगा," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

काकाजींनी रोवणी केली, म्हणजे रोवणाऱ्या बायकांनी ती करून घेतली. बांधावर उभं राहून हुकूम सोडायचा काकींचा सूर त्यांना येत नव्हता. ते फक्त विचारत, "हे बरं दिसते का?" आणि बायका म्हणत, "दिसते जी, तुमी सावलीत बसा." संध्याकाळी ते माझ्या दाराशी येऊन बसत. "आता ती कोठं असन?" असं मला विचारत, जणू मला माहीत असणार होतं. एकदा म्हणाले, "बाई, तिथं नसनच तं?"

"तुम्ही पाहिलंत ना, काकाजी?"

"पाह्यलं. पन आता मलेबी वाटते, मुंबईलेच होतो का मी?"

काकी आल्या त्या दिवशी ड्रायव्हरने बाकामागे लांबलचक हॉर्न वाजवला. सगळं गाव पाळीवर होतं. काकी बूट, स्वेटर आणि लुगडं अशा वेशात उतरल्या. शेठ पुढे झाला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रोवणी झाली का?" एवढंच विचारलं आणि पाळीवरून तशाच बांधीकडे चालायला लागल्या. गाव मागून. काकींनी धान पाहिलं, एका कोपऱ्याकडे बोट दाखवून "हे कोनत्या आंधळीनं रोवलं?" म्हणाल्या, घरी आल्या, बुटांसकट ओसरीवर बसल्या, चहा घेतला. तोवर कोणाची विचारायची छाती झाली नाही.

शेवटी शेठनेच तोंड उघडलं. "काकी, हाये का?"

"काय?"

"तेच जी. उकिरडा. वेणी."

काकींनी कप खाली ठेवला. काकाजी खांबाला टेकून उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

"हाये," काकी म्हणाल्या.

काकाजींनी मान वर केली.

"पन यायनं घातली होती तशी नाई," काकी पुढे म्हणाल्या. "यायची ढिल्ली होती. मी तवाच म्हटलं होतं, उकिरडा असो का पोरीचं डोक्शं, ओढून बांधलं नाई तं दोन दिवसांत भूत होते त्याचं. तिकडची घट्ट हाये. बोट जात नाई मधात."

"तुमी बोट घालून पाह्यलं?" शेठ म्हणाला.

"मंग का तुमाले बोलावू?"

एवढा निकाल लागला. तो कोणाला पायरीवर फिरवता आला नाही, कारण काकींना गावात कोणी कधी खोटं पाडलं नव्हतं आणि त्या संध्याकाळीही कोणाची तशी तयारी दिसली नाही. शेठ उठला, चपला शोधायला त्याला वेळ लागला. काकाजी खांबाला टेकूनच होते. मग ते पुढे झाले. बराच वेळ काकींच्या बुटांच्या नाड्या कशा बांधल्यात ते वाकून, एका बाजूने बघत राहिले.

जेवताना काकी बर्फाचं सांगत होत्या. लेकीने त्यांना आगगाडीने वर नेलं होतं. तिथे त्यांनी बर्फ हातात घेतला, चाखला, थोडा लुगड्याच्या ओच्यात बांधला, तो खाली येईपर्यंत वितळून पाय ओले झाले. काकाजी घास हातात धरून ऐकत होते. "अस्सं? आन् मंग?" ते पुन्हा पुन्हा विचारत. "खूप पांढरा असते का?"

"तुमी नोव्हते का तिथं?"

"होतो," काकाजी म्हणाले. "पन माही पाठ होती तिकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा दोघं परसात होती. काकींनी लुगडं खोचलं होतं, उकिरड्याच्या एका कडेशी बसून त्या ओल्या तणसाची वेणी ओढून बांधत होत्या. काकाजी पेंढ्या भिजवून हातात देत होते आणि बोलणी खात होते. "हे का भिजवलं म्हनता? जा, अजून पानी आना." काकाजी बादली घेऊन विहिरीकडे गेले.

आम्ही दोघीच उरलो. मी काकींच्या शेजारी उकिडवी बसले. त्यांच्या बोटांकडे बघत होते. तणसाचा पेड त्या अशा आवळत होत्या की तो करकरत होता.

"काकी," मी हळूच विचारलं, "खरं सांगा. तुम्ही पाहिलीत का तिथे वेणी?"

त्यांचा हात थांबला नाही.

"बाई, तुमचं लगन झालं का?"

"नाही ना, काकी. तुम्हाला माहीत आहे."

"झालं का मंग विचारजा," काकी म्हणाल्या आणि पुढचा पेड उचलला.